खपतं ते टिकतं का?

पवनी तालुक्यात, वैनगंगेपासून फार दूर नसलेल्या एका गावात एक सार्वजनिक वाचनालय आहे असं समजा. अनुदानाचा हप्ता आला की पुस्तकखरेदीची यादी करायची आणि पैसे यादीला पुरत नाहीत, ही तिथली नेहमीची अडचण. यंदा यादी एका प्रश्नावर अडली: ‘मृत्युंजय’ची फाटलेली प्रत बदलून नवी घ्यायची, की त्याच पैशात अजून कुणी मागितलेली नाही अशी कादंबरी घ्यायची? ग्रंथपाल ताई एका बाजूला. दुसऱ्या बाजूला त्यांना महाविद्यालयात मराठी शिकवलेले, आता निवृत्त झालेले आणि वाचनालयाच्या समितीवर असलेले सर. ही दोन माणसं कल्पित आहेत. पुस्तकं, सालं आणि गोसीखुर्दचं धरण मात्र खरं आहे. प्रश्नही खरा आहे: सर्वाधिक खपणाऱ्या कादंबऱ्यांची जेवढी कीर्ती आहे, तेवढी त्यांची योग्यता आहे का?

सर : यादीत सगळ्यात वर ‘मृत्युंजय’ कशाला? आपल्याकडे दोन प्रती आहेत ना?

ताई : आता एकच समजा जी. दुसरीची पानं सुटली. दोनदा बांधणी करून आणली, पण शिवण धरतच नाही. वाचून वाचून सुटली आहे, सर. कपाटात नुसत्या उभ्या असलेल्या पुस्तकाची शिवण सुटत नाही.

सर : म्हणजे वाचलं जातं ते चांगलं, असं तुझं म्हणणं?

ताई : वाचलं जातं त्याला काही कारण असतं, एवढंच माझं म्हणणं. शिवाजी सावंतांनी ही कादंबरी १९६७ साली दिली. तेव्हा ते सत्ताविशीचे होते, कोल्हापुरात शाळेत शिकवत होते. त्याला साठ वर्षं होत आली. जाहिरातीच्या जोरावर पुस्तक एक वर्ष चालेल, दोन वर्षं चालेल. आजोबा, मुलगा आणि नातू अशा तिघांनी एकाच कार्डावर तेच पुस्तक नेलं, तर त्याला जाहिरात कशी म्हणू? मागच्या उन्हाळ्यात आयटीआयचा एक मुलगा रोज दुपारी इथे बसून ते वाचून राहिला होता. शाळेच्या पुस्तकांपलीकडे त्यानं काही वाचलेलं नव्हतं. सातशे पानांच्या घरातलं पुस्तक त्यानं संपवलं आणि म्हणाला, ताई, असंच दुसरं द्या.

सर : तू काय दिलंस?

ताई : रणजित देसाईंचं ‘राधेय’.

सर : कर्णावरून उठला आणि पुन्हा कर्णापाशीच बसला. माझं दुखणं तिथेच आहे. लोकप्रिय कादंबरी वाचक घडवते असं आपण म्हणतो. पण पुष्कळदा ती स्वतःसारख्याच आणखी एका कादंबरीचा वाचक घडवते. त्याला नवं काही कळत नाही, जे आवडलं तेच पुन्हा मिळतं.

ताई : पण त्याला ते का आवडलं, हे तर बघा. सूतपुत्र म्हणून पदोपदी हिणवला गेलेला माणूस अंगच्या गुणानं उभा राहतो, ही गोष्ट आपल्या गावातल्या पोराला किती जवळची आहे! जन्मावरून कमी लेखलं जाणं म्हणजे काय, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. आणि १९६७ हे सालही ध्यानात घ्या. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यापाड्यांत शाळा वाढत गेल्या. त्यांतून ज्यांच्या घरात आधी कुणी पुस्तक उघडलं नव्हतं अशी मुलं बाहेर पडत होती. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमही १९६७ चाच. शाळेनं वाचायला शिकवलं, कायद्यानं गावात वाचनालय आणलं आणि त्या नव्या वाचकाला ‘मृत्युंजय’नं धरून ठेवलं. हे काम लहान आहे का?

सर : लहान नाही. पण १९६७ सालचं आणखी एक पुस्तक तू विसरलीस. इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’.

ताई : आपल्याकडे आहे ते.

सर : आहे, आणि त्याची शिवण शाबूत आहे. एकाच वर्षी मराठीत कर्णाकडे दोन माणसांनी पाहिलं. सावंतांनी त्याला सूर्याचं तेज दिलं. कर्वे डेक्कन कॉलेजातल्या मानवशास्त्रज्ञ. त्यांनी कर्णाला माणूस म्हणून तपासलं: तो कुठे उदार होता, कुठे क्षुद्र झाला, स्वतःची ओळख शोधताना कुठे कुठे चुकला. महाभारतातल्या द्यूतसभेत द्रौपदीची वस्त्रं काढून घे, असं दुःशासनाला सांगणारा कर्णच आहे. कादंबरी वाचकाला कर्णाच्या इतकं शेजारी नेऊन बसवते की त्या वाक्याचा जाब विचारायचा राहूनच जातो. मोठ्या कलाकृतीनं नायकावर प्रेम करायला लावावं, पण त्याचा अपराधही वाचकाच्या डोळ्यांपुढून हलू देऊ नये. ‘मृत्युंजय’ इथे कमी पडते.

ताई : लेखकानं कर्णाची बाजू घेतली, कारण हजारो वर्षं ती फारशी कुणी घेतली नव्हती. आणि कादंबरी एकट्या कर्णाच्या तोंडची नाही, सर. कुंती बोलते, वृषाली बोलते, दुर्योधन बोलतो, शोण बोलतो, शेवटी कृष्ण बोलतो. सहा जणांच्या मनातून एक आयुष्य दाखवायचं, ही रचना त्या काळच्या पौराणिक कादंबरीत सोपी नव्हती. वाचकानं ती कुरकुर न करता स्वीकारली. लोकांना अवघड काही नको असतं, हे खरं नाही.

सर : रचनेचं श्रेय मान्य. पण भाषा बघ. सहाही जण एकाच थाटात बोलतात. सारथ्याचा मुलगा शोण आणि द्वारकेचा कृष्ण यांच्या बोलण्यात फरक ऐकू येत नाही. उपमेवर उपमा, अलंकारावर अलंकार. पंधराव्या वर्षी वाचताना ते भारून टाकतं. पस्तिसाव्या वर्षी पुन्हा वाच, मग अर्धं पान ओलांडावंसं वाटतं. माझी कसोटी हीच आहे: वेगळ्या वयात, दुसऱ्यांदा वाचताना पुस्तक नवं काही देतं का?

ताई : तुमची कसोटी दुसऱ्या वाचनाची आहे. माझ्यापुढे उभा असलेला माणूस अजून पहिलंच वाचन करतो आहे.

सर : मान्य. पण खपाला काळ काय करतो तेही बघू. ना. सी. फडके एके काळी मराठीतले सगळ्यात लोकप्रिय कादंबरीकार. १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. आज तुझ्याकडे फडके मागायला कोण येतं? बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. काळा पहाड आणि झुंजार ही नावं तेव्हा घरोघरी होती. आणि त्याच काळात, १९३९ साली, विश्राम बेडेकरांनी ‘रणांगण’ लिहिली. छोटीशी कादंबरी. युरोपातून निघालेलं जहाज, हिटलरच्या राज्यातून सुटलेली ज्यू मुलगी हॅर्टा आणि तिच्यावर प्रेम करूनही तिला वाचवू न शकणारा मराठी नायक. कादंबरीकार म्हणून बेडेकर आजही या एका पुस्तकावर उभे आहेत. खपाचा आकडा त्या त्या दिवसापुरता असतो.

ताई : मग वि. स. खांडेकरांचं काय? तेही त्याच काळातले, तेवढेच लोकप्रिय. ‘ययाति’ १९५९ ची. मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं ते खांडेकरांना, १९७४ सालासाठी. ‘ययाति’ अजून नेली जाते. म्हणजे खपलेलं सगळं विरतं असंही नाही. आणि अर्नाळकर विरले म्हणता, पण त्यांच्यावर वाचायला शिकलेली पिढीच पुढे बाकीचं वाचू लागली ना?

सर : शिकलेल्यांपैकी काही जण. बाकीचे रहस्यकथेपाशीच थांबले.

ताई : थांबले, कारण त्यांच्या हातात पुढचं पुस्तक देणारं कुणी नव्हतं. हा दोष अर्नाळकरांचा कसा?

सर : हे बरोबर बोललीस. याकडे मी पुन्हा येतो. आधी मला सांग, पुस्तक खपलं हे कशावरून ठरवायचं? मुखपृष्ठावर ‘चाळिसावी आवृत्ती’ छापलेलं असतं, ती आवृत्ती किती प्रतींची हे छापलेलं नसतं. एकाची आवृत्ती पाचशे प्रतींची, दुसऱ्याची तीन हजारांची. आणि वाचनालयातली एक प्रत शंभर जणांनी वाचली तरी विक्रीच्या हिशेबात ती एकच.

ताई : म्हणून तर मी आवृत्ती बघत नाही, माझं देवघेवीचं रजिस्टर बघते. त्यात खोटं काही येत नाही.

सर : रजिस्टरमध्ये मागणी दिसते. मागणी कुठून आली ते दिसत नाही. ‘दुनियादारी’ सुहास शिरवळकरांनी १९८२ मध्ये लिहिली. २०१३ साली सिनेमा आला आणि मुलं नव्यानं ती मागू लागली. ‘छावा’ १९७९ ची, २०२५ च्या फेब्रुवारीत हिंदी सिनेमा आला आणि देशभर सावंतांचं नाव झालं. कादंबरीचं एक अक्षरही बदललं नव्हतं. मग ही लोकप्रियता पुस्तकाची म्हणायची की पडद्याची?

ताई : सिनेमा बघून आलेल्यानं पुस्तक मागितलं तर मला आनंदच होतो. पुष्कळ जण सिनेमावरच थांबतात.

सर : पण तो ‘छावा’ इतिहास म्हणून वाचतो, कादंबरी म्हणून नाही. संभाजी महाराजांची जुनी, बदनाम प्रतिमा पुराव्यानिशी खोडून काढली ती वा. सी. बेंद्रे यांनी. त्यांचं चरित्र १९६० चं. पुढे डॉ. कमल गोखले यांनी ‘शिवपुत्र संभाजी’ लिहिलं. कागदपत्रं शोधण्यात आयुष्य घालवलेली ही माणसं. त्यांनी मोकळ्या केलेल्या वाटेवरून कादंबरीकार चालला आणि टाळ्या त्याला मिळाल्या. लोकप्रिय ऐतिहासिक कादंबरीचं हे ऋण वाचकाला कुणी सांगत नाही.

ताई : असंही बघा ना, की बेंद्र्यांचं संशोधन ‘छावा’नं खेड्यापर्यंत आणलं. संशोधन कितीही खरं असलं तरी ते सामान्य माणसाच्या मनात उतरवायला कुणीतरी लागतं. आणि ‘श्रीमान योगी’ उघडा. सुरुवातीलाच नरहर कुरुंदकरांचं केवढं तरी दीर्घ पत्र आहे, शिवाजी महाराजांकडे इतिहासाचा अभ्यासक म्हणून कसं पाहावं याबद्दल. कुरुंदकरांचं वैचारिक पुस्तक ज्यांनी कधी मागितलं नसतं, त्यांच्या घरात कुरुंदकर गेले ते रणजित देसाईंच्या खपाबरोबर.

सर : ते पत्र किती जण वाचतात आणि किती जण पानं उलटून थेट कादंबरीवर जातात?

ताई : दहांतल्या दोघांनी वाचलं तरी ते दोघं कुरुंदकरांना एरवी भेटलेच नसते.

सर : बरं. आता आपल्या मातीबद्दल बोलू. इथला माणूस शनिवारवाडा वाचतो, रायगड वाचतो, हस्तिनापूर वाचतो. धानाची बांधी, कोसा, मॅंगनीजची खाण, वैनगंगेचा पूर कुठल्या खपणाऱ्या कादंबरीत आहे? साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या अभ्यासाला आयुष्य वाहिलं. त्या बोलीतली कादंबरी कुणाच्या यादीत आहे? वऱ्हाडातही तेच. उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० ची. कौतिक नावाची गरीब बाई नवऱ्याच्या दुखण्याशी आणि पोराबाळांच्या भुकेशी झुंजते. वऱ्हाडी बोली तिच्या तोंडात इतकी सहज आहे की लेखक मध्ये आहे हे आपण विसरतो. माझ्या मते मराठीतल्या पहिल्या दहा कादंबऱ्यांत ती बसते. पण शेळक्यांना लेखणीवर संसार चालवायचा होता, म्हणून पुढे त्यांना ढिगानं खपाऊ कादंबऱ्या लिहाव्या लागल्या. ‘धग’ लिहिणाऱ्या हाताकडून बाजारानं काय करून घेतलं, हे आठवलं की मला खपाचं कौतुक करवत नाही.

ताई : हे मलाही लागतं, सर. पण त्याच बाजारात दुसरंही घडलं आहे. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ आली १९८८ साली. त्याच वर्षी २२ एप्रिलला राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्दची पायाभरणी झाली. ‘पानिपत’ खपली, लेखकाचं नाव झालं. तीनच वर्षांनी, १९९१ मध्ये, त्याच लेखकानं ‘झाडाझडती’ लिहिली, धरणानं उठवलेल्या गावाबद्दल. तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्या बुडीत गावांतली माणसं पुनर्वसनाच्या वसाहतीत आली, त्यांतल्या एका काकांनी ‘पानिपत’ परत करताना विचारलं, याच लेखकाचं आणखी आहे का जी? मी ‘झाडाझडती’ दिली. चार दिवसांनी आले आणि म्हणाले, हे तर आमचंच लिहिलं आहे. ती कथा आपल्या जिल्ह्यातली नाही. तरी मोजणी, नोटीस, मोबदल्यासाठीचे हेलपाटे, देऊळ सोडून निघणं, हे सगळं त्यांना ओळखीचं होतं. ‘पानिपत’ वाचलं नसतं तर ‘झाडाझडती’ त्यांच्या हातात गेलीच नसती.

सर : या उदाहरणाला माझ्याकडे उत्तर नाही. उलट ते माझ्याच बाजूचं आहे, कारण ‘झाडाझडती’ दुसऱ्या वाचनाला टिकते. तिथे लेखक वाचकाला सुखावत नाही, अस्वस्थ करतो.

ताई : आणि तरी वाचक ती वाचतो. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’चंही तेच. २००४ ची कादंबरी. आणीबाणीच्या काळातला नववीचा वर्ग, मोठमोठे शब्द कुठे नाहीत, अलंकार नाहीत, तरी मुलं ती मागून नेतात. चांगली आणि लोकप्रिय या दोन जाती वेगळ्या नाहीत, सर.

सर : वेगळ्या नाहीत, पण एकही नाहीत. म्हणून दर वेळी तपासावं लागतं.

ताई : तुम्हाला एचएमटी तांदूळ आठवतो ना? नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे. शेतात वेगळी दिसलेली ओंबी त्यांनी जपली, वाढवली. विद्यापीठानं शिफारस करण्याआधी तो तांदूळ शेतकऱ्यांनी एकमेकांना देत देत सगळ्या धानपट्ट्यात नेला. लोकांनी आधी ओळखला, जाणकारांनी मागून. पुस्तकाचं असं होऊ शकत नाही का?

सर : होऊ शकतं. पण तांदळाची चव पहिल्या घासाला कळते, कादंबरीची कळायला वर्षं जातात. आणि शेतकऱ्यानं तो तांदूळ दुसऱ्या वाणाशेजारी लावून बघितला होता, म्हणून त्याला फरक कळला. आपल्या वाचकाला शेजारचं दुसरं पुस्तक आपण दाखवतो का? मघाशी तू म्हणालीस, पुढचं पुस्तक हातात देणारं कुणी नव्हतं. मला वाटतं सगळा प्रश्न तिथेच आहे. ‘मृत्युंजय’ तिच्या कीर्तीला पुरी पडते का? भावनेत पडते, रचनेत पडते. भाषेच्या संयमात आणि सत्याच्या कठोरपणात नाही पडत. पण हे वाचकाला कळायचं तर त्याच्या हातात ‘युगान्त’ही असायला हवं.

ताई : मग ‘मृत्युंजय’ची नवी प्रत यादीत ठेवू?

सर : ठेव. पण ती एकटी बाहेर जाऊ देऊ नको. ‘मृत्युंजय’बरोबर ‘युगान्त’. ‘छावा’बरोबर बेंद्रे नाहीतर कमल गोखले. ‘पानिपत’बरोबर शेजवलकरांचं ‘पानिपत : १७६१’ आणि त्यानंतर ‘झाडाझडती’. ‘दुनियादारी’ नेणाऱ्याला ‘शाळा’ दाखव. कुणी न मागितलेल्या कादंबरीसाठी जे पैसे उरतील त्यात ‘धग’ घे, आणि शेतकऱ्याच्या शिकून बेकार राहिलेल्या मुलाची सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ घे.

ताई : नेतील का लोक दुसरं पुस्तक?

सर : सगळे नाहीत नेणार. त्या आयटीआयच्या मुलाला ‘राधेय’ऐवजी ‘युगान्त’ दिलं असतं तर त्यानं ते परतही केलं असतं. पण एकदा विचारून तर बघ. तो माणूस सातशे पानं वाचू शकतो. त्याला अवघड झेपणार नाही, असं आपण परस्पर ठरवणं हा त्याचा अपमान आहे.

वाद इथे संपतो. मला स्वतःला दोघांचं म्हणणं अर्धं अर्धं पटत नाही, पुरतं पटतं, कारण ती दोघं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत आहेत. पुस्तक लोकांपर्यंत का पोचलं, याचं उत्तर ताई देतात आणि ते आदरानं ऐकायला हवं. हजारो माणसांनी जपलेल्या पुस्तकाला नाक मुरडणं ही टीका नव्हे. पोचल्यावर पुस्तकानं काय दिलं, हा प्रश्न सर विचारतात, आणि तो विचारल्याशिवाय वाचन पुरं होत नाही. मराठीतल्या फार खपलेल्या कादंबऱ्यांपैकी थोड्या पूर्णपणे कीर्तीला पात्र आहेत, पुष्कळशा निम्म्याने आहेत, काही मुळीच नाहीत. हा निवाडा आवृत्तीच्या आकड्यानं होणार नाही आणि समीक्षकाच्या नापसंतीनंही होणार नाही. तो दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचणाऱ्या वाचकालाच करायचा आहे.

म्हणून तुमच्या गावातल्या वाचनालयात जाल तेव्हा आवडती, गाजलेली कादंबरी जरूर मागा. तिच्यासोबत त्याच विषयावरचं, कुणी फारसं न नेलेलं एक पुस्तकही घरी न्या. दोन्ही वाचून झाल्यावर कोणतं पुन्हा वाचावंसं वाटतं, ते ग्रंथपालांना सांगा. पुढच्या वर्षीची खरेदीची यादी तुमच्या त्या उत्तरावरून ठरू द्या.